अभियंता दिनाला पोरांकडून काय करून घ्यायचं: काड्यांचा पूल, काळी माती, हलणारं घर की काँक्रीट?

ऑगस्ट उजाडला की ओळखीच्या शिक्षकांचे फोन सुरू होतात. १५ सप्टेंबरला विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार घालतोच, भाषणं होतातच, पण यावेळी पोरांना हाताने काहीतरी करायला द्यायचंय, तुम्ही सिव्हिलवाले, सांगा काय घेऊ. मी साइटवर काम करतो आणि गेली काही वर्षं शनिवारी सोलापुरातल्या शाळांत जाऊन सहावी ते नववीच्या पोरांबरोबर हे सगळे प्रकार करून बघितलेत. वेळ, पैसा, धोका सगळं बघायचंच, पण मी दोन गोष्टी आधी बघतो: केलेलं मोडल्यावर पोरगं परत हात लावून ते सुधारू शकतं का, आणि त्याने ते आपल्या घरात, गल्लीत कुठे पाहिलंय का.

पूल आधी घेतो कारण बहुतेकांच्या डोक्यात तोच असतो. आईस्क्रीमच्या काड्या आणि फेविकॉल. दिसायला छान, स्पर्धा घेता येते, वाळूची बादली टांगून कुणाचा किती वजन घेतो ते बघता येतं, आणि पूल कडकन मोडला की सगळा हॉल उभा राहतो. अडचण फेविकॉलची आहे. तो नीट वाळायला रात्र जाते, म्हणून पूल घरी जातो आणि सकाळी येतो तो घरच्यांनी बनवलेला. एका शाळेत पहिला आलेल्या पोराला मी विचारलं ही तिरकी काडी का लावली, त्याला सांगता येईना, कारण ती काकांनी लावलेली होती, आणि यात पोराची काही चूक नव्हती.

म्हणून मी आता चिकटवायचं सोडून दिलंय. काड्यांना भोकं पाडून हार्डवेअरच्या दुकानातले बारीक नट-बोल्ट लावायचे. चार काड्यांचा चौकोन दाबला की लगेच तिरका होतो, त्यात कर्णावर एक काडी टाकली की दोन त्रिकोण होतात आणि तो हलत नाही. पोरं स्वतः दाबून बघतात, एवढं कळलं की रेल्वेच्या लोखंडी पुलाकडे ती वेगळ्या नजरेने बघायला लागतात. दुसरं म्हणजे खराट्याची काडी. लांब काडी उभी धरून वरनं दाबली की लगेच वाकते, तिच्या निम्म्या लांबीची घेतली तर वाकायला साधारण चौपट जोर लागतो, आणि उंच सडपातळ खांब मध्येच का बांधून घेतात हे हाताला कळतं. तासभर वेळ, पन्नास पोरं आणि बजेट जवळपास शून्य असेल तर हेच घ्या.

आता माती. सोलापुरातल्या शाळेने सुरुवात इथनंच करावी असं माझं स्पष्ट मत आहे, पुलाच्या आधी. दोन पारदर्शक ग्लास घ्यायचे, एकात शेतातली काळी माती वाळवून, कुटून, दुसऱ्यात तसाच बारीक केलेला मुरूम, दोन्ही निम्म्यापर्यंत, पेनने बाहेरून रेघ मारायची आणि हळूहळू पाणी सोडायचं. दुसऱ्या दिवशी मुरूम होता तिथेच असतो आणि काळी माती रेघेच्या वर आलेली असते. गेल्या वर्षी एक सहावीतलं पोरगं ओरडलं, ‘सर, हे फुगालंय की!’ मग तोच ग्लास आठवडाभर उन्हात ठेवला की माती आकसते, काचेपासून सुटते आणि तिला भेगा पडतात. तेव्हा विचारायचं, कुणाच्या घरात खिडकीच्या कोपऱ्यातनं तिरकी भेग गेलीय? निम्म्या वर्गाचे हात वर जातात. घराखालची काळी माती पावसात फुगून वर ढकलते, उन्हाळ्यात आकसते, आणि हे सगळीकडे सारखं होत नाही, एक कोपरा उचलला जातो, दुसरा बसतो, मधे भिंत तडकते. काळ्या मातीतल्या बारीक कणांच्या थरांमध्ये पाणी शिरतं म्हणून ती फुगते, मुरमात तसं होत नाही. म्हणून गवंडी पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्यायला सांगतो. पोरांनी हे आजोबांच्या तोंडून ऐकलेलं असतं, कारण मात्र ग्लासात पहिल्यांदा दिसतं.

मातीचा तोटाही सांगतो. हिला स्टेज नाही, नंबर काढता येत नाही, आणि एका दिवसात होत नाही, शुक्रवारी लावा, शनिवारी बघा, पुढच्या शनिवारी परत बघा असं करावं लागतं. मुख्याध्यापकांना कार्यक्रमाचा फोटो हवा असेल तर पूलच बरा पडतो हे खरंय.

पाण्याचा प्रयोग मातीला जोडूनच करा, त्याला खर्चच नाही. दोन लिटरच्या बाटलीला वर, मधे आणि खाली भोक पाडून पाणी भरलं की खालची धार सगळ्यात जोरात सुटते, म्हणजे खाली दाब जास्त, म्हणून धरणाची भिंत बुडाला रुंद. मग वरचं आणि खालचं भोक बंद करून फक्त मधलंच, निम्म्याच्या जरा वरचं, उघडं ठेवायचं. पाणी भोकापर्यंत येऊन थांबतं, खाली निम्मी बाटली भरलेलीच राहते. हाच उजनी धरणाचा मृतसाठा. उजनीची एकूण क्षमता ११७ टीएमसीच्या आसपास, त्यातलं ६३ टीएमसीच्या वर मृतसाठ्यात जातं. उन्हाळ्यात पाणी या भोकाच्या खाली गेलं की पेपरात ‘उजनी मायनसमध्ये’ असं येतं, तेव्हा बऱ्याच पोरांना वाटतं धरण कोरडं पडलं, काहींना वाटतं पाणी उणे कसं असू शकतं. बाटली बघितल्यावर दुबार पंपिंग, म्हणजे खाली गेलेलं पाणी दोनदा उपसणं, का करावं लागतं हे घरी आईला पोरंच समजावून सांगतात. पुलाच्या स्पर्धेतनं हे येत नाही.

हलणारं घर आठवी-नववीसाठी. मोठ्या ट्रेमध्ये गोट्या पसरायच्या, त्यावर छोटा ट्रे, दोन्ही बाजूंना रबर बँड, झालं भूकंपाचं टेबल. त्यावर दोन घरं, दोन्ही गोल खड्यांची, मातीत लावलेली, जाड भिंतीची, वर मातीचं जड छप्पर. फरक एकच, दुसऱ्या घराला दाराच्या वरच्या उंचीवर चारही भिंतींना सुतळीचा घट्ट पट्टा. ट्रे हलवला की पहिल्याचे कोपरे उघडतात, भिंतीचा आतला आणि बाहेरचा थर एकमेकांपासून सुटतो आणि छप्पर आत येतं, दुसरं घर बराच वेळ टिकतं. साइटवर आम्ही ज्याला लिंटेल बँड म्हणतो तो हा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीत अशीच जाड दगड-मातीची घरं झोपलेल्या माणसांवर पडली आणि हजारो लोक गेले, सोलापूरपर्यंत हादरा बसला होता. पोरांना आधी घरी विचारून यायला सांगा त्या पहाटे तुम्ही कुठे होतात. एक विनंती आहे, घर पडल्यावर टाळ्या वाजवू देऊ नका, वर्गात कुणाचं तरी आजोळ तिकडचं असतं. हा प्रयोग पुलापेक्षा अवघड आहे, आदल्या दिवशी घरं बांधून ठेवावी लागतात, पण मोडलेलं घर परत कसं बांधायचं यावर पोरं जितकी भांडतात तितकी पुलावर भांडत नाहीत.

काँक्रीटबद्दल उत्साहाने विचारतात, मी मात्र सांभाळून घ्या म्हणतो. सिमेंटने ओली कातडी भाजते, हातमोजे लागतात, कालवायचं काम मोठ्यांनीच करायचं, आणि खरी ताकद २८ दिवसांनी धरतात तोपर्यंत पोरांचा अर्धा रस गेलेला असतो. जवळचं इंजिनिअरिंग कॉलेज त्यांच्या मशीनवर क्यूब, म्हणजे काँक्रीटचे चौकोनी ठोकळे, दाबून द्यायला तयार असेल तरच करा, मग एका क्यूबमध्ये सिमेंटच्या वजनाच्या निम्मं पाणी आणि दुसऱ्यात पाऊणपट टाका, जास्त पाण्याचा आधी फुटेल. तसं नसेल तर प्लास्टर ऑफ पॅरिसच्या पट्ट्या ओता, अर्ध्या तासात हातात येतात. एक साधी, एक खालच्या बाजूला बाइंडिंगची तार टाकलेली, दोन विटांवर ठेवून मधे वजन. साधी पटकन दोन तुकडे होते, तारेची तडकते पण लटकून राहते. तारेचीच दुसरी पट्टी उलटी ठेवली, तार वर आली, की ती साध्या पट्टीसारखीच लवकर तडकते, म्हणजे नुसतं लोखंड टाकून भागत नाही, ते ताण येतो त्या बाजूला लागतं. फक्त पीओपी घट्ट होताना गरम होतं, त्यात हात बुडवू देऊ नका.

साइट व्हिजिट सगळ्यात शेवटी. साठ पोरं आणि उघडे सळई बघून माझ्याच छातीत धडधडतं, वीस-वीस जण न्या, हेल्मेट घालून, आणि आधी वर्गात काहीतरी झालेलं असू द्या म्हणजे प्रश्न पडतात. ते जमत नसेल तर भुईकोट किल्ल्यात जा, दरवाजांच्या कमानीत लोखंडाविना दगड कसे एकमेकांना धरून बसलेत ते दाखवा.

एकच दिवस असेल तर नट-बोल्टचा चौकोन आणि खराट्याची काडी घ्या, दोन-तीन शनिवार मिळत असतील तर माती आणि बाटली, मोठी पोरं असतील तर त्यात हलणारं घर जोडा. मातीचं ठरवलं तर काळी माती आत्ताच आणून घरात पसरून वाळत टाका, कारण सप्टेंबरच्या पावसातली ओली माती आधीच फुगलेली असते, ती ग्लासात घातली तर रेघ तिथेच राहते.