डाविंची रिझॉल्व्ह (फ्री व्हर्जन): एका हळदीवरून शिकलेलं कलर ग्रेडिंग

लग्नाची शूटिंग करतो, सांगली-मिरज पट्ट्यात. एडिटिंग आधीपासून येतं पण कलरच्या नावाने बोंब होती, ब्राइटनेस वाढव, सॅच्युरेशन ताण, वर एखादा लट (रंगांची तयार फाइल) फेक, झालं काम. मग एका हळदीचा व्हिडिओ दिला आणि नवरीच्या आईचा फोन, "दादा, पोरगी कावीळ झाल्यासारखी दिसतीय की ओ." खोटं नव्हतं. त्याच रात्री रिझॉल्व्ह, म्हणजे एडिटिंग आणि रंग सुधारायचं सॉफ्टवेअर, डाउनलोड केलं, आता वर्ष होत आलं.

आधी पैशाचं, कारण सगळे पहिलं तेच विचारतात. फ्री म्हणजे खरंच फ्री, मुदत संपत नाही, 4के यूएचडीपर्यंत एक्सपोर्ट होतं, पेड इफेक्ट लावला तरच वॉटरमार्क येतो. एकेकाळी डाविंची म्हणजे मोठ्या स्टुडिओतलं लाखो डॉलरचं मशीन, 2009 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅकमॅजिक डिझाइनने ती कंपनी घेतली आणि 2011 ला फ्री व्हर्जन काढलं, म्हणून आपल्यासारख्याच्या हातात आलं.

उघडल्यावर पहिला आठवडा डोकं फिरतं हे खरं. प्रीमियर या दुसऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरमधनं आलेल्याला एकावर एक लेअरची सवय, इथे सगळं नोड, डब्याला डबा जोडत जायचं. पण एकदा कळलं की बरं वाटतं, एका नोडमध्ये एकच काम, चुकलं तर कंट्रोल डी दाबून तेवढाच बंद करून बघायचा. आणि एका शॉटचा ग्रेड (रंगाचं सेटिंग) दुसऱ्याला द्यायचा तर दुसरा शॉट निवडून पहिल्यावर माऊसचं मधलं बटण, बास. साताठशे क्लिपच्या लग्नात ह्या एका गोष्टीने रात्री वाचल्यात.

आता हळद. त्या फुटेजमध्ये पिवळं दोन ठिकाणाहून येत होतं, एक अंगावरची हळद आणि दुसरं मांडवाचं पिवळं कापड, त्यातनं ऊन गाळून सगळ्यांवर पडतंय. मी दोन्ही एकच समजून ब्लू ढकलत होतो, त्यामुळे हळद मेली आणि माणसं राखाडी झाली. रिझॉल्व्हमधले स्कोप, म्हणजे रंगांचे आलेख, बघायला शिकलो तेव्हा ट्यूब पेटली. नवरदेवाच्या मामाच्या पांढऱ्या बनियनवर विंडो (तेवढाच भाग वेगळा करणारी चौकट) लावली, परेड, म्हणजे लाल-हिरवा-निळा वेगवेगळा दाखवणारा स्कोप, उघडलं तर लाल आणि हिरवा वर, निळा खाली बसलेला. गेनमध्ये (उजळ भागाचं कंट्रोल) निळा चढवून तिघं एका उंचीला आणले, म्हणजे कापडाचं पिवळं गेलं, हळदीचं राहिलं. मग वेक्टरस्कोपवर (रंगाची छटा गोलात दाखवणारा स्कोप) ती स्किन टोनची तिरकी रेघ असते ती चालू केली. गोरा असो काळा असो, माणसाची कातडी साधारण त्या रेघेच्या आसपासच पडते, पण हळद लावलेला गाल तिथे आणायचाच नाही! मान, कान, हाताची मागची बाजू, जिथे हळद पोचली नाही ती कातडी रेघेवर आणायची आणि गालाला हात लावायचा नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

क्वालिफायरने (रंगावरून भाग निवडायचं टूल) नुसती हळद उचलायला गेलो तर झेंडू, पितळी कलश आणि कातडी सगळंच उचलून आलं. शेवटी चेहऱ्यावर पॉवर विंडो, म्हणजे तीच चौकट, आणि ती चेहऱ्यामागे फिरवणारा ट्रॅकर. ट्रॅकर झकास आहे, करवलीचा हात मधे येईपर्यंत.

एक गैरसमज माझाही होता. आपल्याकडे कार्डमधनं काढलेलं काहीही रॉ म्हणतात. खरं रॉ म्हणजे सेन्सरचा कच्चा डेटा, त्यात आयएसओ आणि व्हाइट बॅलन्स नंतरही बदलता येतं. माझा जुना सोनी कॅमेरा 8 बिट, म्हणजे एका रंगाच्या 256 पायऱ्या, 10 बिटला 1024 असतात. त्यात मी शहाणपणा करून एस-लॉग3 (सोनीचं फिकं, नंतर रंग ताणायचं प्रोफाइल) मध्ये शूट केलं, ताणल्यावर कार्यालयाच्या भिंतीवर पट्टे पट्टे. आता 8 बिटवर लॉग बंद, साधं प्रोफाइल, आणि व्हाइट बॅलन्स केल्व्हिनमध्ये (प्रकाशाच्या रंगाचं माप) आकडा देऊन लॉक, ऑटोवर ठेवलं की पिवळी साडी समोरून गेली तरी रंग हलतो.

कमी काय आहे, तर नॉइज रिडक्शन (अंधारातल्या शॉटमधले दाणे कमी करणं) फ्रीमध्ये नाही. रात्रीच्या वरातीत हे फार टोचतं. त्याला स्टुडिओ व्हर्जन, 295 डॉलर, पण एकदाच, महिन्याचं भाडं नाही. लॅपटॉप मजबूत लागतो, कंपनीच 16 जीबी रॅम सांगते, माझ्या 8 जीबीवर 4के टाइमलाइन म्हणजे बैलगाडी, प्रॉक्सी (क्लिपच्या हलक्या कॉपी) बनवून काम करतो.

शिकायला कंपनीच्या साइटवर ट्रेनिंगची पुस्तकं आणि प्रॅक्टिसचं फुटेज फुकट आहे, तिथनंच सुरू करा. मी आधी एका इन्स्टा पेजवरनं दीड हजाराचे 'सिनेमॅटिक वेडिंग' लट घेतले होते, पहिल्याच लग्नात नवरीचा हिरवा चुडा मोरपंखी झाला. लट वाईट नसतो, पण बॅलन्स न केलेल्या शॉटवर टाकला की कच्च्या भाकरीवर तूप.

पाचात चार देतो, एक नॉइजसाठी कापला. त्या हळदीचा ग्रेड गॅलरीत सेव्ह करून ठेवला होता, म्हटलं आता दरवेळी हाच. पुढच्या लग्नात मांडव निळा निघाला.