भिंतीवर लावलेलं प्रमाणपत्र कसलं आहे ते आधी वाचा

"पेशंट यायला तयार नसेल तर टेन्शन घेऊ नका ताई. आमची गाडी येईल, चार पोरं येतील, तुम्ही फक्त दार उघडायचं." ज्या घरात स्किझोफ्रेनियाचा माणूस बिघडलेला आहे आणि कोणाचाच डोळ्याला डोळा लागत नाहीये, त्या घराला हे बोलणं किती गोड लागतं ते बाहेरच्याला कळणार नाही. घरातून पेशंट उचलून नेणाऱ्या खाजगी केंद्रांचा हा धंदा त्या न झालेल्या झोपेवरच चालतो.

माझा दादा बरीच वर्षं क्लोझापिन या स्किझोफ्रेनियावरच्या औषधावर चांगला होता. बाबा गेल्यावर बिनसलं. आईचं वय झालेलं, माझी नोकरी. दवाखान्याच्या आवारातल्या एका अँब्युलन्सवाल्याने आपणहून नंबर दिला. (दर पेशंटमागे त्याचं कमिशन असतं, हे मागाहून कळलं.) केंद्र गावाबाहेर, हायवेपासून बरंच आत. दरमहा अठरा हजार, तीन महिन्यांचे आगाऊ, डिपॉझिट वेगळं, गाडीचे वेगळे. आणि पैसे संस्थेच्या खात्यावर नाहीत, मालकाच्या बायकोच्या मोबाइलवर. "ट्रस्टचं खातं ऑडिटमध्ये अडकलंय."

ऑफिसात काचेच्या चौकटीत एक प्रमाणपत्र टांगलेलं होतं. मालक त्यावर बोट ठेवून "गव्हर्नमेंट रजिस्टर्ड" म्हणायचा. खोटं नव्हतं ते. धर्मादाय आयुक्तांकडची न्यासाची नोंदणी होती, जी वाचनालयालाही मिळते आणि देवस्थानालाही. मानसिक आजाराच्या माणसांना उपचारासाठी ठेवून घ्यायचं तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची वेगळी नोंदणी लागते. ती नव्हतीच. फलकावर एका मनोविकारतज्ज्ञांचं नाव होतं. आमच्या डॉक्टरांनी त्यांना फोन लावला, तर तिथे आपलं नाव आहे हेच त्यांना माहीत नव्हतं.

मग नियम सांगितला: पहिला महिना भेट नाही, फोन नाही. घरच्यांचा आवाज ऐकला की पेशंट बिथरतो म्हणे. हे इतक्या ठामपणे सांगतात की आपल्याला वाटतं, उपचारच असा असेल. त्याच कायद्यात भेटायला आलेल्यांना भेटण्याचा आणि ठरावीक वेळेत फोन करण्या-घेण्याचा हक्क दाखल माणसाला दिलेला आहे. शिवाय तो स्वतः संमती देण्याच्या स्थितीत नसेल, तर दाखल करण्याआधी दोन जणांनी त्याला स्वतंत्रपणे तपासावं लागतं, त्यांतला एक मनोविकारतज्ज्ञच असावा लागतो आणि असं दाखल करणं सुरुवातीला जास्तीत जास्त ३० दिवसांचं. दादाला तपासलं कोणी? गाडीतल्या पोरांनी.

महिन्याने भेट मिळाली तेव्हा तो मला ओळखत होता, पण बोलत नव्हता. त्याची बॅग मागून घेतली. तळाशी मी दिलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या होत्या, मेडिकलवाल्याने पेनाने 'रात्री' लिहिलेल्या, रबरबँडही तसाच. एकही गोळी फोडलेली नाही. बिलात मात्र 'औषधे' आणि 'रक्त तपासणी' असे दोन आकडे. क्लोझापिन घेणाऱ्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी नियमित मोजाव्या लागतात, म्हणून रिपोर्ट मागितला. लॅबचं नावसुद्धा सांगता येईना. हे औषध दोन दिवसांपेक्षा जास्त चुकलं तर आधीचा डोस थेट देता येत नाही. दादाला पुन्हा साडेबारा मिलिग्रॅमपासून चढवत न्यावं लागलं. पैशांपेक्षा हे नुकसान मोठं, आणि ते कुठल्या तक्रारीत भरून मिळणार नाही.

आगाऊ दिलेल्यातले उरलेले पैसे मागितले, तर "मधेच नेताय, डिपॉझिट जप्त." नोंदणीशिवाय केंद्र चालवल्याचा पहिल्या वेळचा दंड पाच हजार ते पन्नास हजार आहे. एकट्या आमच्याकडून त्याने त्याहून जास्त उकळले. कायदा करणाऱ्यांनी हा हिशेब करायला हवा होता.

आता कोणी विचारलं तर मी आधी १४४१६ सांगते. टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, आणि घरच्यांनीही फोन केला तर चालतो. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागाची ओपीडी असते. दाखल करायचंच झालं तर येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. नावाला घाबरून लोक तिकडे जात नाहीत आणि अशा गाडीवाल्यांच्या हाती लागतात. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचे शुभंकरांसाठी, म्हणजे आपल्यासारख्या सांभाळणाऱ्यांसाठी, स्वमदत गट आहेत. अशाच एका गटात मी ही हकीकत सांगायला लागले, तर शेजारच्या काकूंनी "गाडीचे किती घेतले?" एवढंच विचारलं. बाकीचं त्यांना पाठ होतं.

तक्रार राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे आणि पोलिसांकडे, दोन्हीकडे दिली आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने वकील फुकट दिला. पैसे अजून आलेले नाहीत. वकिलांच्या मते आमच्याकडे दोनच भक्कम पुरावे आहेत: मालकाच्या बायकोच्या नंबरवर गेलेल्या पैशांचे स्क्रीनशॉट आणि त्या न फोडलेल्या पट्ट्या. पट्ट्या मी टाकून देणार होते, आईने ठेवायला लावल्या.