आठ महिन्यांच्या वापरानंतर: निगेटिव्ह स्कॅनर आणि एस्सेल वर्ल्डचे तीन रोल

निगेटिव्ह स्कॅन करण्याची सोय असलेला फ्लॅटबेड स्कॅनर मी गेल्या दिवाळीत घेतला, त्याला आता आठ महिने झाले आहेत. या काळात सुमारे ६४० फ्रेम स्कॅन करून झाल्या. पहिल्या आठवड्यात कोणतेही यंत्र गुणीच वाटते, म्हणून लिहायची घाई केली नाही. खरेदीचे निमित्त होते डोंबिवलीच्या घराच्या माळ्यावरून उतरवलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा. त्यात फोटो स्टुडिओची पाकिटे एकावर एक रचलेली होती आणि त्यांपैकी तिघांवर बाबांच्या अक्षरात ‘एस्सेल वर्ल्ड’ असे मुंबईजवळच्या गोराईतल्या करमणुकीच्या पार्कचे नाव लिहून खाली मे १९९४, मे १९९७ आणि मे १९९९ असे महिने घातले होते. अल्बममधल्या प्रिंट पिवळ्या पडल्या होत्या, काही प्लॅस्टिकच्या कप्प्याला कायमच्या चिकटल्या होत्या. निगेटिव्ह मात्र अंधारात राहिल्यामुळे बऱ्याच टिकल्या होत्या. त्यामुळे प्रिंटऐवजी निगेटिव्हच स्कॅन करायच्या, असे ठरवले.

यंत्राबद्दल आधी थोडे. काचेवर ठेवायच्या प्लॅस्टिकच्या चौकटीत सहा-सहा फ्रेमच्या दोन पट्ट्या, म्हणजे एका वेळी बारा फ्रेम बसतात. आमच्या स्टुडिओवाल्याने पट्ट्या चार-चार फ्रेमच्या कापल्या होत्या, त्यामुळे प्रत्येक खेपेला चौकटीचा तिसरा हिस्सा रिकामाच राहिला. खोक्यावर ६४०० डीपीआय (म्हणजे एका इंचात टिपले जाणारे ठिपके) छापलेले आहे, पण मी दोन महिन्यांनी ३२०० वर स्थिरावले, कारण त्यापुढे फाइल फुगते आणि तपशील न वाढता फिल्मचे दाणेच अधिक ठळक होतात. ३२०० वर ३५ मिलिमीटरच्या एका फ्रेमची साधारण ४५०० गुणिले ३००० पिक्सेलची प्रतिमा मिळते; पोस्टकार्ड आकाराच्या प्रिंटवरून वाढलेल्या माणसाला तेवढी पुष्कळ आहे. धूळ शोधण्याचे इन्फ्रारेड चालू ठेवले तर एका फ्रेमला तीन ते चार मिनिटे लागतात. रविवारी सकाळी एक खेप लावावी आणि अधूनमधून येऊन बघावे, असा हा उद्योग आहे. ज्यांना एका शनिवार-रविवारात सगळे उरकायचे आहे त्यांनी या वाटेला जाऊ नये.

मे १९९४ चा रोल सर्वांत आधी लावला. तेव्हा मी सात वर्षांची होते आणि धाकटा भाऊ दोन वर्षांचा. एस्सेल वर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झाले होते आणि टीव्हीवरच्या जाहिरातीमुळे आमच्या चाळीतल्या प्रत्येक मुलाला ते ठाऊक होते. प्रत्यक्ष जाऊन आलेली घरे मात्र दोनच होती. डोंबिवलीहून गोराईला जायचे म्हणजे आधी दादर, तिथे पूल ओलांडून पश्चिम रेल्वे, मग बोरिवली, स्टेशनबाहेरून बेस्टची बस आणि शेवटी जेट्टीवरून लाँच. माझ्या आठवणीत हा प्रवास दोन वाक्यांत संपतो आणि उरलेला दिवस पाळण्यांचा असतो. फिल्मच्या कडेवर छापलेले फ्रेमचे क्रमांक वेगळेच सांगतात. ते प्रिंटवर येत नाहीत, त्यामुळे अल्बममध्ये फोटो कुणी कोणत्याही क्रमाने लावू शकतो, आणि आमच्याकडे ते आत्याने लावले होते. स्कॅनमध्ये कडेसकट सगळे दिसते. छत्तीस फ्रेमच्या रोलमधल्या पहिल्या नऊ फ्रेम प्रवेशद्वाराच्या अलीकडच्याच आहेत: जेट्टीवरची रांग, लाँच, लाँचमधून दिसणारी तिवरांची झाडी, पुन्हा लाँच, कठड्याला घट्ट धरून बसलेली मी, पुन्हा तिवरे. रोलचा चौथा हिस्सा खाडीतच खर्च झाला होता. मी बाबांना हे मोजून दाखवले तेव्हा त्यांनी चष्मा पुसत शांतपणे विचारले, “अगं, खाडी ओलांडल्याशिवाय पार्क कुठून येणार?” त्यांचे बरोबरच होते. आमच्यापैकी कुणीही त्याआधी बोटीत बसलेले नव्हते.

चौथ्या फ्रेममध्ये जेट्टीच्या पायरीवर आम्ही डबा उघडून बसलो आहोत. आत बाहेरचे खाणे नेऊ देत नाहीत असे शेजारच्या काकूंनी बजावून सांगितले होते, म्हणून सकाळी साडेनऊलाच पोळी आणि बटाट्याची कोरडी भाजी संपवण्याचा कार्यक्रम झाला. स्कॅन पूर्ण आकारात उघडला की स्टीलच्या डब्याच्या झाकणावर कोरलेले आजीचे नाव वाचता येते. प्रिंटवर त्या जागी एक पांढरा ठिपका आहे. स्कॅनरची किंमत वसूल झाली असे मला पहिल्यांदा वाटले ते या झाकणामुळे.

रंगांच्या बाबतीत मात्र यंत्रावर डोळे झाकून विसंबू नये. निगेटिव्हला असलेली नारिंगी छटा सॉफ्टवेअर स्वतःच काढते आणि ते काम ते नीट करते. घोटाळा होतो तो रंग आपोआप सुधारण्याची सोय चालू राहिल्यावर. पहिल्या खेपेत गोराईची खाडी चक्क निळी झाली. मातकट, करडी, ओहोटीच्या वेळी काठाला चिखल उघडा पडलेली ती खाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हसू येईल. ती सोय बंद करून मी रंग हातानेच जुळवू लागले, आणि त्यासाठी मला प्रत्येक रोलमध्ये एखादी पांढरी वस्तू शोधावी लागते; या रोलमध्ये बाबांचा सदरा उपयोगी पडला.

धूळ काढण्याच्या दोन सोयी आहेत आणि त्यांच्यात पुष्कळ फरक आहे. इन्फ्रारेडची सोय रंगीत निगेटिव्हवर खरोखर चांगली चालते, कारण रंगीत फिल्ममधून तो प्रकाश आरपार जातो आणि धूळ व चरे तेवढे अडवतात. कृष्णधवल फिल्मवर मात्र ती वापरू नये. त्या फिल्ममधली चांदीच तो प्रकाश अडवते आणि यंत्राला आजोबांचा अख्खा चेहरा धूळ वाटतो. दुसरी सोय निव्वळ सॉफ्टवेअरची, अंदाजाने ठिपके पुसणारी आहे. ज्या फोटोंच्या निगेटिव्ह सापडल्या नाहीत त्यांच्या प्रिंट स्कॅन करताना मी ती एकदा ‘जास्त’ वर ठेवली. लाँचमागे उडणारे पांढरे पक्षी एकूण एक नाहीसे झाले, आणि त्याच्या जोडीला आईने सकाळी भावाच्या गालावर लावलेली तीटही पुसली गेली. आईने ते पडद्यावर पाहिले आणि “दृष्ट लागेल, परत लाव” असे सांगितले. ती सोय तेव्हापासून बंदच आहे.

आता तक्रारी. चौकटीची पट्टी दाबून धरणारी प्लॅस्टिकची खिटी तिसऱ्या महिन्यात तुटली. सेवा केंद्राने तिचा सुटा भाग मिळत नाही, पूर्ण चौकटच घ्यावी लागेल असे सांगितले आणि त्या चौकटीसाठी सात आठवडे थांबवले. तेवढे दिवस मी चिकटपट्टीने काम भागवले. वीस-पंचवीस वर्षे गुंडाळून पडलेली फिल्म चौकटीत सपाट बसत नाही, मधून फुगते आणि त्या भागातली प्रतिमा किंचित धूसर येते. काचेला टेकली तर पाण्यावरच्या तेलासारखी इंद्रधनुषी वलये उमटतात. यावर यंत्राकडे उपाय नाही, माझ्याकडे आहे: पट्ट्या स्वच्छ पाकिटात घालून मराठी विश्वकोशाच्या दोन खंडांमध्ये आठवडाभर दाबून ठेवते. बुरशीला मात्र उपाय सापडला नाही. आपल्याकडच्या दमट हवेत ती फिल्मच्या थरातच शिरते आणि तो जिलेटिनचा थर खाते; अशी फिल्म पाण्याने पुसायला गेले तर प्रतिमाच विरघळून निघण्याची भीती असते. १९९४ च्या रोलमधल्या शेवटच्या पट्टीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा आहेत, आणि त्या मी तशाच ठेवल्या आहेत. उरलेल्या निगेटिव्ह आता सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात गेल्या आहेत.

ज्या एका फ्रेमसाठी मी हा सगळा खटाटोप पुन्हा करीन ती १९९७ च्या रोलमध्ये आहे. त्या वर्षी आतेभावाकडून कोडॅकचा केबी-१० मागून आणला होता. फोकस करण्याची भानगड नसलेला, प्रत्येक फोटोनंतर अंगठ्याने चाक फिरवून रोल पुढे न्यायचा, असा तो साधा कॅमेरा होता. उन्हात त्याचे फोटो चांगले यायचे. छपराखाली गेले की सगळा नशिबाचा भाग. स्टुडिओवाल्याला तेव्हा सगळेच जण “चांगल्या आलेल्यांच्याच प्रिंट काढा” असे सांगत, कारण प्रत्येक प्रिंटचे वेगळे पैसे पडत. १९९७ च्या अल्बममध्ये एकोणतीस फोटो आहेत आणि निगेटिव्हवर सदतीस फ्रेम. गेली अठ्ठावीस वर्षे त्या आठ फ्रेम आमच्यापैकी कुणीही पाहिलेल्या नव्हत्या.

त्यांपैकी पाच खरोखरच वाया गेलेल्या आहेत. एकीत बाबांचे बोट आहे, एकीत नुसते आकाश. २३ क्रमांकाची फ्रेम खिडकीसमोर धरली तेव्हा फिल्म जवळजवळ कोरी दिसत होती, म्हणजे तिच्यावर उजेड फारच कमी पडला होता. सवयीने तिलाही स्कॅन केले आणि अंधाराचा भाग वर उचलला. आधी दाणे आले, मग छताचे लोखंडी जाळे, मग डॅशिंग कारची गोल बोनेटे, आणि मधोमध एका गाडीत आई. साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला, दोन्ही हात स्टिअरिंगवर, शेजारी पाच वर्षांचा भाऊ तोंड उघडून ओरडतो आहे आणि आई समोरच्या गाडीकडे बघते आहे. ती गाडी चुकवण्याचा तिचा विचार असावा असे तिच्या चेहऱ्यावरून अजिबात वाटत नाही. फोटो हललेला आहे, दाणेदार आहे, कोणत्याही स्टुडिओवाल्याने तो बाजूला टाकला असता आणि ते योग्यच ठरले असते.

आमच्या घरात हे गृहीत होते की आई कधी कशात बसली नाही. ती पिशव्या सांभाळत बाकावर बसायची, असे मी स्वतः कितीतरी वेळा सांगितले आहे. शाळेतल्या निबंधातही लिहिले असेल. मी तिला तो फोटो दाखवला. तिने तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, “मग? तुम्हाला काय वाटलं, दिवसभर पिशव्या राखत बसले होते? दोनदा बसले होते मी.” मग तिने खालच्या डाव्या कोपऱ्याकडे बोट केले, जिकडे माझे लक्षच गेले नव्हते. तिथे निळ्या पट्ट्यांची आमची पिशवी आहे आणि तिच्यावर टेकलेले, फ्रेमच्या कडेने अर्धे कापले गेलेले एक हाडकुळे कोपर. “पिशव्या तुझ्याकडे दिल्या होत्या. तू रुसली होतीस, उंचीमुळे तुला मोठ्या पाळण्यात घेतलं नव्हतं म्हणून.” हे मला काही केल्या आठवत नाही, पण कोपर माझेच आहे, त्यावरचा बँडेजचा चौकोनही माझाच असणार.

१९९९ च्या रोलबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे. त्याच्या आदल्याच वर्षी शेजारी वॉटर किंग्डम हे पाण्याच्या खेळांचे पार्क सुरू झाले होते आणि आम्ही दोन कुटुंबे मिळून सुमो ठरवून भाईंदर-उत्तनच्या रस्त्याने गेलो, त्यामुळे त्या रोलमध्ये लाँच नाही, खाडी नाही आणि पाण्याच्या धास्तीने कॅमेरा पिशवीतच राहिल्यामुळे पार्कही जवळजवळ नाही. बावीस फ्रेमपैकी चौदा फ्रेम परतीच्या वाटेवर उत्तनच्या किनाऱ्यावर काढलेल्या आहेत. माझ्या भाचीला हे फोटो दाखवताना एक गंमत झाली. लाँचमधल्या १९९४ च्या फोटोत तिने आधी सोनेरी घुमट शोधला. तिच्यासाठी गोराई म्हणजे २००९ मध्ये खुला झालेला तो विपश्यना पॅगोडा, आणि त्याशिवायची ती क्षितिजरेषा तिला अपुरी वाटली. मला मात्र घुमट मध्येच कुणी उभा केल्यासारखा वाटतो. पार्क आता बंद आहे, त्यामुळे तिला तिथे नेऊन हा वाद मिटवता येणार नाही.

पैशांचा हिशेबही सांगायला हवा. आमच्या भागातला स्टुडिओ फ्रेममागे २५ रुपये मागत होता, म्हणजे ६४० फ्रेमचे १६,००० झाले असते. स्कॅनर मला त्याहून बराच महाग पडला, वर नवी चौकट आणि माझे रविवार. दोन-तीन रोल असतील तर सरळ स्टुडिओत द्यावेत. पण देताना एवढे बजावून सांगावे की एकही फ्रेम गाळू नका, कोरी दिसणारीही स्कॅन करा. माझ्या स्टुडिओवाल्याने २३ क्रमांक पुन्हा गाळलाच असता, आणि त्याला दोष देता आला नसता.

त्या फ्रेमची मी बारा गुणिले अठरा इंचाची प्रिंट काढणार होते. आईने नको म्हटले. एवढी मोठी लावायला जागा कुठे आहे, अल्बममध्ये बसेल अशी पोस्टकार्ड साइझच काढ, आणि मॅट काढ, ग्लॉसीवर बोटांचे ठसे उमटतात. १९९७ च्या अल्बममध्ये शेवटच्या पानावर एक कप्पा रिकामा होता. प्रिंट तिथे बसली आहे. वरची कड अंदाजे दोन मिलिमीटर कापावी लागली.