शिंगल्सचे जुने थर उतरवून घातलेलं नवीन छप्पर: आठ महिन्यांनंतर

न्यू जर्सीतलं आमचं घर १९५२ सालचं. मागच्या उन्हाळ्यात जिन्यावरच्या छताला चहा सांडल्यासारखा डाग उमटला, तेव्हा शिडी लावून वळचण बघितली. शिंगल्सची, म्हणजे छपरावर कौलांसारख्या ठोकलेल्या पातळ चपट्या तुकड्यांची, कड चिरोट्यासारखी दिसत होती, पदरावर पदर. वर करडा थर, त्याखाली हिरवा आणि तळाला सीडरच्या लाकडी चिपा.

पहिला ठेकेदार म्हणाला, यावरच नवीन थर ठोकून देतो, निम्म्या पैशांत होईल. मोह झाला होता. पण इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड या घरबांधणीच्या नियमावलीप्रमाणे दोन किंवा जास्त थर असतील तर त्यावर आणखी चढवता येत नाही, सगळं काढावंच लागतं. इथे छप्पर ‘स्क्वेअर’मध्ये मोजतात, एक स्क्वेअर म्हणजे १०० चौरस फूट. साध्या डांबरी शिंगल्सचे स्क्वेअरला २२० पौंड धरले, तरी आमच्या १८ स्क्वेअरवर ते दोन थरच साडेतीन टनांच्या वर गेले. बर्फाचा भार निराळा, आणि तोही त्याच वाशांवर. हिशेब केला त्या रात्री मला झोप लागली नाही.

ऑक्टोबरात दुसऱ्या ठेकेदाराकडून काम करून घेतलं. चिपा निघाल्या आणि पोटमाळ्यातून आभाळ दिसायला लागलं. खाली सलग फळ्या नव्हत्याच, अंतर सोडून ठोकलेल्या पट्ट्या होत्या. सगळ्या छपरावर प्लायवूड घालावं लागलं आणि तो खर्च अंदाजपत्रकात धरलाच नव्हता. तुमचं घर जुनं असेल तर सही करण्याआधी बॅटरी घेऊन पोटमाळ्यात जा. पट्ट्यांच्या फटीतून लाकडी चिपांची पाठ दिसली, तर प्लायवूड लागणार हे धरूनच चला आणि शीटचा दर करारात लिहून घ्या.

डागाच्या बरोबर वर काहीच फुटलेलं नव्हतं. पाणी चिमणीपाशी शिरून थरांमधून सरकत खाली आलं होतं. चिपळूणला वैशाखात कौलं चाळताना फुटकं कौल दिसलं की आजोबा तेवढंच बदलायचे. इथे उघडल्याशिवाय काही कळत नाही.

हिवाळ्यात मात्र मन निवलं. पूर्वी घरातल्या उबेने छपरावरचा बर्फ वितळायचा, पाणी थंड वळचणीला येऊन पुन्हा गोठायचं आणि त्या बांधामागे तुंबलेलं पाणी शिंगल्सखाली शिरायचं. आता वळचणीपासून बाहेरच्या भिंतीच्या आत २४ इंचांपर्यंत चिकट जलरोधक पडदा आहे. आढ्याला रिज व्हेंट, म्हणजे हवा बाहेर जायची फट, आहे आणि त्याला खालून हवा मिळावी म्हणून सॉफिटला, म्हणजे वळचणीच्या खालच्या बाजूला, जाळ्या आहेत. यंदा बांध झालाच नाही. बर्फ छपरावर सगळीकडे सारखा टिकून होता.

तरी फेब्रुवारीत चिमणीपाशी गळलं. जिथून पहिल्यांदा पाणी आलं होतं, नेमकं तिथलंच जुनं फ्लॅशिंग, म्हणजे चिमणी आणि छपराच्या सांध्यावरचा पत्रा, सरळ करून परत वापरलं होतं! फोटो पाठवल्यावर विटांच्या सांध्यांत खाच पाडून नवा पत्रा बसवून दिला, पैसे घेतले नाहीत. पण नव्या छपराखाली बादली ठेवावी लागली, याचा राग अजून गेलेला नाही. चिमणीचं फ्लॅशिंग नवीनच हवं, हेही लिहून घ्या.

चुंबकाचा रोलर फिरवूनही मार्चमध्ये गवतात खिळे सापडले, लहान मुलं असतील तर जपा. आणि पोटमाळ्यातल्या सामानावर आधी प्लास्टिक अंथरा. आईने दिलेल्या ट्रंकेवर मी अंथरलं नव्हतं. कडी उघडली की बिजागरीतून अजून सीडरचा भुगा पडतो.