मीठ, सोडा, व्हिनेगर आणि साधे पाणी : फळे-भाज्या धुण्याचा नऊ महिन्यांचा अनुभव

उपचारांच्या काळात वडिलांची प्रतिकारशक्ती बरीच खालावली, तेव्हा त्यांना कच्ची फळे आणि भाज्या देताना स्वच्छतेबाबत जराही हयगय करू नका, असे डॉक्टरांनी बजावले. तोपर्यंत आमच्याकडे भाजी धुणे म्हणजे ती नळाखाली एकदा ओली करून घेणे एवढेच होते. साबण किंवा भांडी घासण्याचे द्रावण फळांना लावायचे नाही, हे मला ठाऊक होते, कारण फळांची साल ते शोषून घेऊ शकते आणि नंतर तेच पोटात जाते. त्यामुळे घरात असलेले मीठ, खाण्याचा सोडा, व्हिनेगर आणि लिंबू यांवरच भिस्त ठेवली. नऊ महिने रोज वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की यांतील प्रत्येक पदार्थाचे काम वेगळे आहे, एकाचे काम दुसरा करत नाही, आणि या सर्वांपेक्षा अधिक काम वाहते पाणी आणि हाताने चोळणे यांनी होते.

हे शेवटचे पटायला मला सर्वाधिक वेळ लागला. अमेरिकेतील कनेक्टिकट कृषी प्रयोग केंद्राच्या संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नळाच्या पाण्याने धुतल्यावर १२ पैकी ९ कीडनाशकांचे अवशेष कमी झाल्याचे आढळले होते. एखादे रसायन पाण्यात किती विरघळते, यापेक्षा पाण्याच्या धारेने आणि घासण्याने ते सालीवरून सुटणे त्यात महत्त्वाचे ठरले. हे वाचल्यावर मी काकडी आणि बटाटे धारेखाली धरून मऊ ब्रशने घासू लागले. देठाच्या खळग्यात आणि सालीच्या खाचांत बसलेली माती नुसते भिजवून निघत नाही, ती ब्रशनेच निघते. टोमॅटो आणि सफरचंद यांना मात्र तळहात पुरेसा होतो. प्रत्येक फळाला किमान अर्धा मिनिट देते. हा अर्धा मिनिट वाटतो त्यापेक्षा बराच मोठा असतो.

खाण्याच्या सोड्याबद्दल माझे मत सर्वांत चांगले आहे, पण ते मर्यादेसह. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली सफरचंदांवर थायाबेंडाझोल हे बुरशीनाशक आणि फॉस्मेट हे कीटकनाशक लावून प्रयोग केला. एक टक्का सोड्याच्या पाण्यात पहिल्याचे सालीवरचे अवशेष १२ मिनिटांत आणि दुसऱ्याचे १५ मिनिटांत निघून गेले. एक टक्का म्हणजे लिटरभर पाण्यात १० ग्रॅम, साधारण दोन सपाट चहाचे चमचे. परंतु त्याच प्रयोगात थायाबेंडाझोलचा सुमारे २० टक्के आणि फॉस्मेटचा सुमारे ४.४ टक्के भाग सालीच्या आत शिरलेला होता, आणि तो धुण्याने निघाला नाही. सोड्याने फळ पूर्णपणे विषमुक्त होते असे कोणी सांगत असेल, तर या दुसऱ्या आकड्यांकडे अवश्य लक्ष द्यावे. जी औषधे झाड मुळांवाटे किंवा पानांवाटे शोषून घेते, ती फळाच्या गरातच असतात. तिथे मीठ, सोडा, व्हिनेगर यांपैकी काहीही पोहोचत नाही.

प्रत्यक्षात मी सफरचंद, नासपती आणि ढोबळी मिरची सोड्याच्या पाण्यात पंधरा मिनिटे ठेवते, मधून एकदा उलटवते आणि नंतर धारेखाली चोळून धुते. सोडा नीट धुतला न गेल्यास सालीवर किंचित बुळबुळीत, खारट थर राहतो आणि पहिल्या घासालाच तो जाणवतो. सुरुवातीच्या काही दिवसांत वडिलांनी दोनदा फळ परत केले ते यामुळेच. पालकासारख्या कोवळ्या पानांना मात्र सोडा लावणे मी बंद केले आहे, कारण पाने लवकर लिबलिबीत होतात.

मिठाचे खरे काम मला फ्लॉवरमध्ये दिसले. गड्ड्याचे तुरे वेगळे करून लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे मीठ घालून ते उलटे, म्हणजे फुले खाली आणि देठ वर असे ठेवले, तर दहा-पंधरा मिनिटांत फुलांच्या गर्दीत दडलेल्या बारीक हिरव्या अळ्या बाहेर येतात. पहिल्याच वेळी पातेल्याच्या तळाशी अशा चार अळ्या दिसल्या. त्या देठाच्या रंगाशी इतक्या मिसळून जात होत्या की चिरताना मला त्या दिसल्याच नसत्या, याची खात्री आहे. ब्रोकोलीलाही हीच पद्धत चालते. कोबीची मात्र बाहेरची दोन-तीन पाने काढून टाकणे आणि उरलेली सुटी करून धुणे हेच उपयोगी पडते, कारण घट्ट गड्ड्याच्या आत पाणी फारसे जात नाही.

व्हिनेगर मी सर्वाधिक उत्साहाने आणले आणि आता सर्वांत कमी वापरते. त्यातील ॲसिटिक आम्लामुळे सालीवरील जिवाणूंची संख्या घटते, हे खरे आहे. एक भाग व्हिनेगर आणि तीन भाग पाणी असे मिश्रण द्राक्षांसाठी चांगले चालते, पण पाच मिनिटांपेक्षा जास्त नाही. स्ट्रॉबेरी एकदा पंधरा मिनिटे ठेवली, तर ती बोटांत दाबताच पाणी सोडू लागली आणि धुऊनही आंबूस वास गेला नाही. ती सर्व फेकावी लागली आणि त्याचे फार वाईट वाटले. हे मिश्रण ॲल्युमिनियमच्या भांड्यात करू नये, काचेचे किंवा स्टीलचे भांडे घ्यावे. लिंबाचा रसही आम्लच आहे, पण टोपलीभर फळांसाठी तो पुरेशा प्रमाणात पिळणे परवडणारे नाही, म्हणून तो मी सोडून दिला.

एक चूक मी जवळजवळ महिनाभर केली आणि ती अनेक घरांत होत असावी. अधिक परिणामासाठी मी सोडा आणि व्हिनेगर एकत्र घालत होते. भांडे फसफसून भरते आणि फार काही घडते आहे असे वाटते, पण ते फक्त कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे असतात. आम्ल आणि आम्लारी एकमेकांना निष्प्रभ करतात आणि मागे मुख्यतः सोडियम ॲसिटेटचे पाणी उरते. दोन्ही वापरायचे असतील तर वेगवेगळे वापरावेत आणि मध्ये स्वच्छ पाण्याने धुवावे. हळदीच्या पाण्याचेही तसेच झाले. हळदीतील कर्क्युमिन हा पिवळा घटक पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. भांडे आणि बोटे पिवळी होतात आणि पुन्हा धुण्याचे काम वाढते.

पालेभाजीला आता कोणताही पदार्थ लावत नाही. मुळे आणि पिकलेली पाने काढून उरलेली मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात सुटी करायची, हलवायची आणि दोन मिनिटे तशीच ठेवायची. येथे एक बारकावा आहे : पाने हाताने वर उचलून चाळणीत घ्यावीत, पातेले चाळणीत ओतू नये. ओतल्यास तळाशी बसलेली रेती पुन्हा पानांवरच येते. तळाला बोट फिरवून रेती लागते का ते पाहावे. मला बहुतेक वेळा तीन पाणी लागतात, आणि पावसाळ्यातील कोथिंबिरीला चार.

धुण्याइतकेच वाळवणे महत्त्वाचे आहे, हे दुसऱ्या महिन्यात कळले. आठवड्याची सर्व फळे एकदम धुऊन ठेवल्यावर तिसऱ्या दिवशी द्राक्षांच्या देठाशी बुरशी दिसू लागली. द्राक्षांवरची पांढुरकी साय हे फळाचे स्वतःचे नैसर्गिक मेण असते, औषध नव्हे. ते आधीच धुऊन-पुसून टाकले तर फळ लवकर सुकते आणि सडते. तेव्हापासून द्राक्षे आणि स्ट्रॉबेरी खाण्याआधीच धुते, आणि बाकीची फळे स्वच्छ कापडावर पूर्ण कोरडी करूनच ठेवते. उन्हातून आणलेल्या फळांबाबतही एक काळजी घेते. गरम टोमॅटो थंड पाण्यात टाकला, तर आतील हवा आकसते आणि देठाच्या जागेतून बाहेरचे पाणी, त्यातील जंतूंसह, आत ओढले जाऊ शकते. म्हणून धुण्याचे पाणी फळापेक्षा किंचित कोमट ठेवते.

मोड आलेली कडधान्ये मात्र मी वडिलांना कच्ची देत नाही. मोड येण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही तितकीच मानवते आणि बियांच्या आत असलेले जंतू धुऊन जात नाहीत. ती पूर्ण शिजवूनच देते. सफरचंदही त्यांच्यासाठी अजून सोलूनच देते, पण सोलण्याआधी धुते, कारण न धुतलेल्या सालीवरून सुरी फिरली की त्यावरचे सर्व काही गरापर्यंत जाते. कलिंगडाचेही तसेच : साल खायची नसली तरी कापण्याआधी ते ब्रशने घासून धुते.