हेडलाइटचे स्टिकर आणि ‘युरोप किट’: आठ महिने वापरल्यावर

ब्रिटनमधून स्वतःची गाडी घेऊन फ्रान्स, जर्मनी, ऑस्ट्रियाकडे जाणाऱ्यांसाठी पिशवीत भरलेलं तयार किट मिळतं: इशाऱ्याचा त्रिकोण, चकाकणारं जॅकेट, प्रथमोपचार पेटी, बल्ब, यूकेचा स्टिकर आणि हेडलाइटला लावायच्या दोन पारदर्शक चकत्या, म्हणजेच हेडलाइटचे स्टिकर. आठ महिन्यांत हॅलोजन दिव्यांच्या एका गाडीवर अशा चकत्यांच्या तीन जोड्या वापरून झाल्या. एलईडी दिव्यांच्या दुसऱ्या गाडीवर मेनूतली सोय वापरली. एक गोष्ट आधीच सांगतो: किटमधली सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे या चकत्या, आणि सगळ्यात जास्त चुका त्यांच्याच बाबतीत होतात.

आधी त्या लागतात कशाला ते पाहू. ब्रिटनसारखी डावीकडून चालणाऱ्या गाडीचा डिपर, म्हणजे खाली झुकलेला झोत (लो बीम), दोन्ही बाजूंना सारखा नसतो. उजवीकडे उजेडाची वरची कड आडवी आणि खाली असते, म्हणजे समोरच्याचे डोळे दिपत नाहीत. डावीकडे तीच कड साधारण 15 अंशांनी वर चढते, म्हणजे रस्त्याची कडा, पादचारी आणि पाट्या दिसतात. हीच गाडी फ्रान्स-जर्मनीत उजव्या बाजूने चालवली, की वर चढलेला तुकडा थेट समोरून येणाऱ्याच्या तोंडावर जातो. हाय बीमला असा डावा-उजवा भेद नसतो, त्यामुळे हा सगळा उद्योग फक्त डिपरसाठी आहे. स्वीडनने 3 सप्टेंबर 1967 रोजी वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली, तेव्हा आधीपासून विकल्या गेलेल्या नव्या दिव्यांच्या काचेवर अपारदर्शक तुकडा चिकटवलेला असे आणि त्या तारखेआधी तो काढू नये अशी सूचना त्यावर छापलेली असे. आजची चकती ही त्याच युक्तीची सुधारलेली आवृत्ती.

स्टिकर विकत घेण्याआधी गाडीचं पुस्तक उघडा. साध्या काचेमागे मोठा चकचकीत परावर्तक असलेल्या हॅलोजन दिव्याला स्टिकर लागतो. पुढे गोल भिंग असलेल्या प्रोजेक्टर दिव्यात पुष्कळदा मागच्या झाकणाआड एक छोटा खटका असतो. तो फिरवला की आतली पट्टी सरकते आणि वर चढणारा भाग झाकला जातो. बऱ्याच नव्या एलईडी गाड्यांत ही सोय स्क्रीनवरच्या दिव्यांच्या मेनूत असते, ‘ट्रॅव्हल मोड’ किंवा डावी-उजवी वाहतूक अशा नावाने. काही गाड्या जीपीएसवरून स्वतःच बदल करतात, तर काहींचा झोत मुळातच सपाट असतो. अशा गाड्यांवर स्टिकर लावणं म्हणजे चांगला दिवा बिघडवणं. आयर्लंड, माल्टा, सायप्रस इथे वाहतूक डावीकडूनच आहे, तिथे काहीच करायचं नाही.

पुस्तकात काहीही लिहिलेलं असलं तरी भिंत खरं सांगते. सपाट जागी, भिंतीपासून 5 मीटरवर गाडी उभी करा. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून तेवढ्याच उंचीवर भिंतीला आडवी चिकटपट्टी लावा. डिपर लावल्यावर उजेडाची कड पट्टीच्या 5 ते 7 सेंटिमीटर खाली दिसली पाहिजे. एकेक दिवा कापडाने झाकून दुसरा बघा. जिथे कड वर वळते तिथून अर्धा मीटर डावीकडे ती सुमारे 13 सेंटिमीटर चढलेली दिसेल. काही एलईडी दिव्यांत उताराऐवजी पायरी दिसते, तीही हीच गोष्ट. भिंतीवर पेन्सिलीने खूण करा आणि मोबाइलवर फोटो ठेवा. स्टिकर बसल्यावर किंवा मेनू बदलल्यावर तो चढलेला भाग खाली आला, तर काम झालं.

स्टिकर लावण्यात सगळं जागेवर अवलंबून आहे. पाकिटातल्या तक्त्यात गाडीच्या मॉडेलसमोर मिलिमीटरमध्ये मापं दिलेली असतात, तीही डाव्या आणि उजव्या दिव्याची वेगळी. चकतीवरच्या बारीक उभ्या खाचा उजेड वळवतात, त्यामुळे ती उलटी लागली तर उपयोग शून्य. अंदाजाने ‘मधोमध’ लावलेली चकती भिंतीवर लगेच उघडी पडते: उजेड कमी होतो आणि वर चढलेला तुकडा तसाच राहतो. काच थंड आणि कोरडी हवी. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कागदी चिकटपट्टीच्या दोन तुकड्यांनी कडा आखा, मग चकती मधून बाहेर दाबत बसवा. फोकस्टनला, समुद्राखालच्या बोगद्यातून जाणाऱ्या रेल्वेच्या रांगेत, वाऱ्या-पावसात चिकटवलेली जोडी टिकत नाही. आदल्या दिवशी घरी लावायची तर अंधारात ब्रिटनच्या रस्त्यावर डावीकडची कडा नीट दिसत नाही. म्हणून आदल्या दिवशी काच साफ करून जागा आखून ठेवायची आणि चकती पलीकडे उतरल्यावर, पहिल्या थांब्यावर लावायची. फेरी प्रवासात असताना गाड्यांच्या डेकवर थांबू देत नाहीत, तेव्हा तो मुहूर्त विसरा.

टिकाऊपणाचं म्हणाल तर दोन आठवडे ठीक. त्यानंतर कडेला धूळ धरते आणि प्रेशर वॉशरचा फवारा जवळून बसला की कोपरा सुटतो. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, फिनलंड, पोलंड इथे दिवसाही दिवे चालू ठेवावे लागतात. 55 वॉटचा बल्ब दिवसभर तापला की गोंद शिजल्यासारखा होतो. तीन जोड्यांपैकी सगळ्यात हट्टीपणे चिकटून बसली ती उत्तरेकडच्या प्रवासातली. काढताना दिवे पाचेक मिनिटं चालू ठेवा, काच कोमट झाली की नखाने कोपरा उचला आणि चकती काचेला समांतर, सावकाश ओढा. उरलेला गोंद त्याच अल्कोहोलने निघतो. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर मात्र चुकूनही नको. आजची ‘काच’ पॉलिकार्बोनेटची असते, तिच्यावर बारीक तडे जातात आणि ते कायमचे राहतात. ब्लेडही नको. निघालेली चकती पुन्हा लावता येत नाही.

काळी चिकटपट्टी लावून भागवता येतं का, हे बरेच जण विचारतात. भागतं, पण वाईट. तेवढा उजेड नुसता वाया जातो, आणि काळा रंग उष्णता धरतो म्हणून हॅलोजनच्या प्लॅस्टिक काचेला डाग पडण्याची भीती असते. खाचांची चकती निदान थोडा उजेड वळवून परत रस्त्यावर आणते.

मेनूतल्या सोयीबद्दल तक्रार जवळजवळ नाही. फक्त काही गाड्यांत ती चालू असताना वळणाबरोबर फिरणारा झोत बंद होतो, आणि डोंगराळ रस्त्यावर ते जाणवतं.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे डिकीतलं सामान. डिपर 10 मीटरवर साधारण 10 सेंटिमीटर खाली उतरलेला असतो. मागची बाजू दबून गाडीचं नाक एक अंश जरी वर गेलं, तरी झोत तिथे 17 सेंटिमीटर चढतो, म्हणजे सगळाच उजेड समोरच्याच्या डोळ्यांकडे. चकती कितीही अचूक असो, डॅशबोर्डवरचं, झोत खाली आणणारं 0 ते 3 चं चाक 0 वर विसरलात तर शिव्या खाल. पूर्ण भरलेल्या गाडीला कोणता आकडा लागतो ते पुस्तकात असतं, आणि खात्री त्याच भिंतीवर, सामान भरल्यानंतर करायची.

किटमधलं बाकीचं पटकन. त्रिकोण आणि जॅकेट फ्रान्समध्ये सक्तीचे, नसले तर 135 युरो दंड. जॅकेट दाराच्या कप्प्यात ठेवा, डिकीत नाही, कारण ते घालूनच गाडीबाहेर पाय टाकायचा असतो. जेवढी माणसं तेवढी जॅकेटं घ्या. किटमध्ये सहसा एकच येतं. त्रिकोण किमान 30 मीटर मागे ठेवायचा, पण मोटरवेवर जीव धोक्यात घालून नाही. ऑस्ट्रियात प्रथमोपचार पेटी लागते. श्वास तपासायची नळी काही किटमध्ये अजून भरतात. फ्रान्सने तो नियम 2012 मध्ये आणला, दंड कधीच लागू केला नाही आणि 2020 मध्ये नियमच काढून टाकला. तेवढ्यासाठी महाग किट घेऊ नका. त्रिकोणाऐवजी बंद पडलेल्या गाडीच्या छपरावर ठेवायचा स्पेनचा लुकलुकणारा व्ही-16 दिवा 1 जानेवारी 2026 पासून तिथल्या नोंदणीच्या गाड्यांना सक्तीचा आहे. पाहुण्या गाडीला त्रिकोण चालतो.

जादा बल्बचा डबा घेण्याआधी आपल्या गाडीचा बल्ब रस्त्यात बदलता येतो का ते पाहा. एलईडीला बल्बच नसतो, आणि कित्येक गाड्यांत एच-7 प्रकारचा बल्ब काढायला बंपर सोडवावा लागतो. सहज बदलता येत असेल तर दोन ठेवा, आणि काचेच्या भागाला बोट लावू नका.

ब्रिटिश गाडीवर देशाची ओळख म्हणून 28 सप्टेंबर 2021 पासून जीबीच्या जागी यूके आलं. नंबरप्लेटवर यूके ही अक्षरं असतील तर बहुतेक देशांत वेगळा स्टिकर लागत नाही. स्पेन, माल्टा आणि सायप्रस यांना प्लेट कशीही असली तरी तो हवाच असतो. प्लेटवर जुनं जीबी आणि युरोपियन युनियनचे तारे असतील तर स्टिकर लावाच. स्पीड कॅमेऱ्याची सूचना देणारी नेव्हिगेशनमधली सोय फ्रान्समध्ये शिरण्याआधी बंद करा. मागचा एकच फॉगलाइट उजवीकडे आहे म्हणून काही जण काळजी करतात. गाडी कायमची तिकडे नोंदवायची असेल तरच तो बदलायचा.

परतल्यावर चकत्या त्याच दिवशी काढा आणि मेनू परत फिरवा. उजवीकडे चढणारा झोत एमओटी चाचणीत (ब्रिटनमधल्या गाड्यांच्या वार्षिक तपासणीत) नापास होतो, आणि मेनूतला बदल विसरला जाण्याची शक्यता जास्त, कारण काचेवर काहीच दिसत नसतं.