पायथॉन व्हिडिओ बघून शिकायचंय? पाच कोर्स शेजारी शेजारी ठेवून बघू

परीक्षा संपल्या, सुट्टी लागली की हा प्रश्न हमखास येतो: पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायचीय, कोणता कोर्स घेऊ? विचारणाऱ्यांत डिप्लोमाची मुलं असतात, दिवसभर एक्सेलमध्ये तीच तीच कामं करून कंटाळलेले नोकरदार असतात, अधूनमधून एखादे शिक्षकही असतात. आणि बहुतेकांचा कल आधीच ठरलेला असतो, कारण कोणीतरी "तो फार सोपं करून सांगतो" असं सांगितलेलं असतं.

या निकषावर कोर्स निवडू नका, असं मी आग्रहाने सांगते. सोपं करून सांगणारे पुष्कळ आहेत. व्हिडिओ बघताना सगळं कळल्यासारखं वाटतं, कारण पडद्यावरचा प्रोग्राम दर वेळी चालतो. आपण तोच लिहायला बसलो की तिसऱ्या ओळीवर एरर येतो. त्या क्षणी कोर्स आपल्यासाठी काय करतो, त्यावर त्याची किंमत ठरवायची. तुमच्याकडून किती लिहून घेतो? लिहिलेलं कोण तपासतं? चुकलं तर कुठे चुकलं ते कळतं का?

पायथॉनमध्ये अशी अडखळायची एक जागा पहिल्याच दिवशी येते. वापरणाऱ्याला दोन संख्या विचारायच्या आणि बेरीज दाखवायची. १ आणि २ दिल्या तर उत्तर येतं १२. इनपुट हे फंक्शन, म्हणजे पायथॉनमधली एक तयार आज्ञा, टाइप केलेलं सगळं मजकूर म्हणून हातात देतं, आणि मजकुरांमध्ये अधिकचं चिन्ह टाकलं की पायथॉन ते एकापुढे एक जोडून टाकतो. आधी इंट वापरून त्यांच्या संख्या कराव्या लागतात. गोष्ट एवढीशी आहे, पण माहिती कोणत्या प्रकारची आहे याचं भान इथूनच सुरू होतं. पाचही कोर्स या जागेशी कसे वागतात ते बघितलं की त्यांचा स्वभाव कळतो.

हार्वर्डचा सीएस५०पी हा २०२२ साली आलेला कोर्स. डेव्हिड मेलन शिकवतात. पहिल्याच लेक्चरमध्ये ते कॅल्क्युलेटर लिहायला घेतात, मुद्दाम १२ उत्तर येऊ देतात आणि मग ते का आलं ते उलगडतात. चूक लपवायची नाही, ती समोर घडू द्यायची, ही त्यांची पद्धत शेवटपर्यंत टिकते. एरर आला तर काय करायचं यासाठी एक पूर्ण आठवडा आहे आणि आपल्याच प्रोग्रामची चाचणी आपणच कशी लिहायची यासाठी आणखी एक. नवशिक्यांच्या कोर्समध्ये चाचणी लिहायला शिकवलेलं मी फारसं बघितलेलं नाही. नोकरीत पहिल्या महिन्यात हेच लागतं.

पण या कोर्सचं खरं बळ लेक्चरनंतर आहे. प्रत्येक आठवड्याला एक प्रश्नसंच असतो. पहिल्या संचातला एक प्रश्न आइनस्टाइनच्या समीकरणाचा आहे: वस्तुमान किलोग्रॅममध्ये विचारा आणि ऊर्जा ज्यूलमध्ये छापा. त्याच संचातल्या दुसऱ्या प्रश्नात टाइप केलेल्या चिन्हांचे हसरे-रडवे चेहरे करायचे. तुम्ही प्रोग्राम लिहिता, एक आज्ञा देता, आणि त्यांचा तपासनीस प्रोग्राम तुमचं काम वेगवेगळ्या इनपुटवर चालवून बघतो. बरोबर असेल तिथे हिरवा हसरा चेहरा, चुकेल तिथे लाल दुर्मुखलेला, आणि काय अपेक्षित होतं तेही लिहून येतं. रात्री अकरा वाजता एकट्याने शिकणाऱ्याला यापेक्षा मोठा आधार नाही. सगळं ब्राउझरमध्ये चालतं. कोड ठेवायच्या गिटहब या संकेतस्थळावर खातं मात्र काढावं लागतं. सगळे प्रश्नसंच आणि शेवटचा स्वतःचा प्रोजेक्ट पूर्ण केला तर हार्वर्डच्या या कोर्सचं सर्टिफिकेट फुकट मिळतं. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरचं पडताळणी केलेलं हवं असेल तर त्याचे पैसे पडतात.

अडचण भाषेची आहे. मेलन जलद बोलतात, अमेरिकन इंग्रजीत बोलतात, आणि लेक्चर लांब असतात, काही तर दोन तासांहून जास्त. प्रश्नही इंग्रजी परिच्छेदांत लिहिलेले असतात आणि ते नीट वाचले नाहीत तर उत्तर चुकतं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना पहिले दोन आठवडे जड जातात. सबटायटल्स लावून, वेग पाऊणपट करून बघितलं तर जमतं. मी ते जमवलेली मुलं पाहिली आहेत, त्यामुळे केवळ इंग्रजीला घाबरून हा कोर्स सोडू नये असं मला मनापासून वाटतं.

मिशिगन विद्यापीठाचे चार्ल्स सेव्हरन्स यांचा 'पायथॉन फॉर एव्हरीबडी' हा त्याहून सावकाश आहे. इनपुटची तीच जागा ते मजल्यांच्या हिशोबातून दाखवतात. युरोपातला पहिला मजला अमेरिकेत दुसरा, म्हणून मिळालेल्या उत्तरात एक मिळवायचा, आणि त्यासाठी आधी मजकुराची संख्या करायची. आपल्याकडेही तळमजला वेगळा धरतात, त्यामुळे उदाहरण लगेच पटतं. पुढे ई-मेलांनी भरलेली एक फाइल येते आणि कोणी सर्वांत जास्त मेल पाठवले ते मोजायला लावलं जातं. तिथून वेबवरून माहिती आणणं, मग ती डेटाबेसमध्ये ठेवणं. ऑफिसात अहवाल तयार करणाऱ्या, याद्या जुळवणाऱ्या माणसासाठी हाच कोर्स. त्याला अल्गोरिदमची, म्हणजे प्रश्न सोडवायच्या रीतींची, खोली नकोय, त्याला उद्याचं काम लवकर संपवायचंय. कोर्सेरा या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावर हा पाच भागांत पैसे भरून करता येतो. पण सेव्हरन्स यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर व्हिडिओ, पुस्तक आणि आपोआप तपासले जाणारे प्रश्न फुकट आहेत. सर्टिफिकेटची गरज नसेल तर पैसे भरायचं काही कारण मला दिसत नाही.

एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या उपक्रमात पायथॉनचे एकाहून जास्त कोर्स आहेत. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे प्रा. माधवन मुकुंद यांचा आठ आठवड्यांचा कोर्स मी इथे घेतलाय, कारण तो बाकी सगळ्यांपेक्षा वेगळ्या दिशेने जातो. सुरुवात मसाविपासून. दोन्ही संख्यांचे सगळे विभाजक लिहा, सामाईक शोधा, त्यातला मोठा घ्या. मग ते विचारतात, सगळे लिहायची गरज आहे का? मोठ्याकडून लहानाकडे आलो तर? असं करत करत ते युक्लिडच्या रीतीपर्यंत पोहोचतात आणि ती किती जलद आहे, ते दाखवतात. मसावि आपण शाळेत काढलेला असतो, पण त्याच्याकडे असं बघायला तिथे कोणी लावलेलं नसतं.

आणि इनपुट? ते पाचव्या आठवड्यात येतं. तोवर क्रमवारी लावण्याच्या पद्धती आणि रिकर्जन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) होऊन गेलेलं असतं. पुढे बुद्धिबळाच्या पटावर एकमेकांना न मारणारे आठ वजीर बसवायचं कोडं आहे, डायनॅमिक प्रोग्रामिंग (छोट्या भागांची उत्तरं साठवून मोठा प्रश्न सोडवणं) आहे. म्हणजे हा भाषा शिकवण्यापेक्षा विचार करायला शिकवणारा कोर्स आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असाल आणि डेटा स्ट्रक्चर्स (माहिती साठवायच्या रचना) हा विषय घशाखाली उतरत नसेल, तर हाच घ्या. आयुष्यात एकही ओळ लिहिली नसेल तर इथून सुरू करू नका, तिसऱ्या आठवड्यात दमछाक होते. एनपीटीईएलवरच आयआयटी रोपारचे प्रा. सुदर्शन अय्यंगार यांचा 'जॉय ऑफ कम्प्युटिंग' बारा आठवड्यांचा आहे, तो खेळांमधून आणि कोड्यांमधून जातो आणि नवख्याला जास्त मानवतो.

एनपीटीईएलची आणखी एक बाजू आहे, जी आपल्या कॉलेजच्या मुलांनी गांभीर्याने बघावी. नावनोंदणी आणि लेक्चर फुकट. सर्टिफिकेट हवं असेल तर फी भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. गुण २५ टक्के असाइनमेंटचे, ७५ टक्के परीक्षेचे. असाइनमेंटला दर आठवड्याला शेवटची तारीख असते आणि ती कोणासाठी थांबत नाही. काहींना हे जाचक वाटतं. माझ्या मते ज्याला स्वतःहून नियमित बसता येत नाही त्याच्यासाठी ती तारीखच निम्मं काम करते. शिवाय एनपीटीईएलचे कोर्स ज्यावर चालतात त्या 'स्वयं' या सरकारी व्यासपीठावरून केलेल्या कोर्सचे क्रेडिट पदवीत धरायची मुभा यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) विद्यापीठांना दिलेली आहे. तुमचं कॉलेज नेमके कोणते कोर्स धरतं, ते परीक्षा विभागात आधी विचारा आणि मगच फी भरा.

आता मराठीचा प्रश्न. आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प प्रा. कण्णन मौद्गल्य यांनी उभा केला. दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ, पडदा इंग्रजी, आवाज भारतीय भाषांत, त्यात मराठीही. पडद्यावरची आज्ञा बदलत नाही, कारण ती बदलून चालणारच नाही, पण ती का द्यायची हे आपल्या भाषेत कानावर पडतं. अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ, अर्ध्यावर आपलं काम, ऐकायचं आणि लगेच करायचं, अशी त्यांची शिस्त आहे. ही शिस्त मला इतकी आवडते की बाकी कोणताही कोर्स करणाऱ्यालाही मी तीच लावून घ्यायला सांगते. पायथॉनच्या मालिकेतल्या कोणत्या भागांना मराठी आवाज आहे, ते यादीत भाषा निवडून बघून घ्या.

ही मालिका मात्र प्रोग्रामरसाठी बेतलेली नाही. ती आलेख काढण्यापासून सुरू होते. साध्या दोलकाच्या मोजमापांची फाइल वाचायची, लांबी आणि दोलनकालाचा वर्ग यांचा आलेख काढायचा, असं त्यातलं उदाहरण आहे. बारावीच्या प्रयोगवहीत आपण हाच आलेख पेन्सिलीने काढलेला असतो. बीएससी फिजिक्स, मेकॅनिकल, सिव्हिल यांच्यासाठी हे सोन्यासारखं आहे. वेबसाइट किंवा ॲप करायचं स्वप्न असेल तर इथे रस्ता चुकेल. दुसरं, मालिका पायथॉनच्या ३.४ या आवृत्तीवर आहे. ती २०१४ ची. मजकुरात बदलत्या किमती बसवण्याची एफ-स्ट्रिंग ही सोय २०१६ मध्ये ३.६ या आवृत्तीत आली, ती इथे भेटणार नाही, आणि सीएस५०पी ती पहिल्याच लेक्चरला वापरतो. गणित, लूप, याद्या, फंक्शन हे सगळं अजून तसंच आहे, त्यामुळे शिकलेलं वाया जात नाही. पण व्हिडिओतली एखादी आज्ञा तुमच्या संगणकावर चालली नाही तर लगेच स्वतःला दोष देऊ नका, आधी आवृत्ती बघा.

कोर्स विकत मिळणाऱ्या युडेमी या संकेतस्थळावरचा अँजेला यू यांचा 'शंभर दिवसांचा' पायथॉन कोर्स थोडक्यात सांगते. विकत घेण्याच्या कोर्सेसमध्ये हा चांगला आहे. पहिल्या दिवशी बँडला नाव सुचवणारा प्रोग्राम, दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या बिलाची वाटणी, पुढे हँगमन, ब्लॅकजॅक, साप असे खेळ, मग वेबसाइट. इनपुटची गोम दुसऱ्या दिवशी बिल वाटताना येते, म्हणजे गरज पडल्यावर. हाती काहीतरी चालतं-फिरतं आल्याशिवाय ज्यांचं मन रमत नाही त्यांना हा धरून ठेवतो. शेवटच्या पंधरवड्यात व्हिडिओ नसतात, फक्त प्रोजेक्टची मागणी असते, आणि तिथे शिकणारा खरा घडतो. अडचण इतकीच की हार्वर्डसारखा कडक तपासनीस इथे नाही. बाई करतात तसं बघून टाइप करत पुढे सरकणं फार सोपं आहे. छापील किमतीला कधीही घेऊ नका. सेल वारंवार लागतो आणि तेव्हा तो काही शे रुपयांत येतो. न आवडल्यास ३० दिवसांत पैसे परत मागता येतात, म्हणून घेतल्याबरोबर पहिले दहा दिवस लगेच करून बघा, "सवडीने सुरू करू" म्हणून ठेवून देऊ नका.

माझी निवड विचाराल तर: लॅपटॉप आहे, रोज तासभर मिळतो आणि इंग्रजी वाचून समजतं, अशा कोणालाही मी डोळे झाकून सीएस५०पी सांगते. इंग्रजीची धास्ती असेल तर आधी दोन आठवडे स्पोकन ट्युटोरियलचे मराठीत मिळतील ते भाग, मग सेव्हरन्स. नोकरदारांना थेट सेव्हरन्स. इंजिनिअरिंगवाल्यांना मुकुंद सर, पण पाया आधी दुसरीकडून पक्का करून. अँजेला यू त्यांच्यासाठी, जे फुकट कोर्स दोनदा सुरू करून सोडून देतात आणि पैसे भरले की बसतात. अशी माणसं असतात आणि त्यात वाईट काही नाही.

दोन कोर्स एकाच वेळी मात्र करू नका. क्रम वेगळा, नावं देण्याची पद्धत वेगळी, आणि पंधरा दिवसांनी दोन्ही अर्धवट राहतात. अडलं तर चॅटजीपीटीला एररचा अर्थ विचारा, प्रश्नाचं उत्तर मागू नका. सीएस५०पीच्या नियमांत तर असं उत्तर घेणं बसतही नाही.

घरात फक्त मोबाइल असेल, आणि ही परिस्थिती गावोगावी आहे, तर ब्राउझरमध्ये गूगल कोलॅब उघडा. तिथे पायथॉन फुकट चालतो, काही बसवावं लागत नाही. व्हिडिओ बघायला आणि टाइप करायला एकच पडदा असल्याने दहा मिनिटांचे भाग सोयीचे पडतात, म्हणून स्पोकन ट्युटोरियल किंवा सेव्हरन्स. कॉलेजची लॅब संध्याकाळी उघडी राहते का तेही विचारून ठेवा, कारण सीएस५०पीचे प्रश्नसंच फोनच्या कीबोर्डवर सोडवणं फार त्रासाचं आहे.